माकडताप : गोचीड की पिसू?

प्रश्न असा आला आहे : माकडताप, म्हणजे चाव्यातून माणसाला होणारा विषाणूचा ताप, याबद्दल लिहिताना चावणाऱ्या जिवाला कुणी ‘गोचीड’ लिहितं, कुणी ‘पिसू’. गोचीड तर गाई-म्हशींची, मग ‘माकडपिसू’ हा शब्द का रूढ करू नये?

लिहावं गोचीडच. पिसू हा सहा पायांचा, उड्या मारणारा कीटक. प्लेग पसरतो तो तिच्यामुळे. गोचीड कोळी-विंचवांच्या कुळातली. पूर्ण वाढीला तिला आठ पाय असतात आणि उडी तिला मुळीच मारता येत नाही. गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून ती बसून राहते, जनावर घासून गेलं की धरते. गोचिडीसारखा चिकटला असं आपण म्हणतो, पिसूसारखा म्हणत नाही, ते उगीच नव्हे. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या गोचिडीला मात्र सहाच पाय असतात, तिथे नजर फसू शकते.

‘गो’वरही अडू नये. कुत्र्याच्या कानात रुतलेली तपकिरी असते ती गोचीड, खुराड्याच्या फटीत दडून रात्री कोंबड्यांचं रक्त पिणारी तीही गोचीडच.

आता माकडाचं नाव का नको, ते सांगतो. 1957 साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा ताप ओळखला गेला. आपल्याकडे दोडामार्ग-सावंतवाडी आणि गोव्यातल्या सत्तरीला तो चांगलाच माहीत आहे. त्याचा विषाणू मुख्यतः हीमाफायसॅलिस स्पायनिजेरा ही गोचीड वाहते. तिची लहान पिल्लं उंदीर-घुशींसारखे छोटे प्राणी, पक्षी आणि माकडं यांच्यावर पोसतात. मोठी झाली की ती रानात चरणाऱ्या गुरांवर जाते. गोठ्यातली नेहमीची गोचीड सगळा जन्म एकाच गाईवर काढते, हिचं तसं नाही. माणसाला चावते ती बहुधा मधल्या अवस्थेतली, निम्फ, आणि ती इतकी बारीक असते की पटकन दिसतही नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिचा जोर, म्हणजे नेमकं काजूच्या बागेत आणि पाचोळ्यात काम करायच्या दिवसांत. ‘माकडपिसू’ म्हटलं, तर माणूस फक्त माकडावर लक्ष ठेवील आणि रानातून परतलेल्या गाईकडे बघणार नाही. ‘माकडताप’ हा शब्द मात्र योग्यच आहे, कारण या तापाने माकडं खरोखर मरतात.

लिंग : ती गोचीड, त्या गोचिडी. काही भागांत पुल्लिंगीही ऐकू येतो. विभक्ती लागली की ‘चि’ ऱ्हस्व : गोचिडीने, गोचिडींचा.