दादाला जहाजावर न्या, पण आधी पाळ्या लावा

प्रश्न : ताई, आम्ही पाचोऱ्याचे. मोठा मुलगा १६ वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे, सोबत बौद्धिक अक्षमताही. बोलतो अगदी मोजकं. फिट्सच्या गोळ्या चालू आहेत. धाकटी मुलगी १२ वर्षांची. सासूबाईंना पंच्याहत्तरी लागली म्हणून पुण्याच्या दिरांनी सगळ्या घराला क्रूझवर न्यायचं काढलंय. नाताळच्या सुट्टीत, मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप, पाच रात्री. खर्च तेच करणार. जाऊबाई म्हणाल्या, "दादाला तुमच्या माहेरी ठेवा ना, तुम्हालाही जरा मोकळं वाटेल." मला रडू आलं. मिस्टर म्हणतात, नेऊ, काय व्हायचं ते होईल. आणि मुलगी म्हणते, दादा येणार असेल तर मी नाही येत, तू त्याच्याच मागे असतेस. दादाला पाणी फार आवडतं. पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, चालू होती तेव्हा जामनेरपर्यंत खिडकीत बसून गुणगुणत जायचा. पण वरातीतला डीजे सुरू झाला की कान दाबून पळत सुटतो. नेऊ की नको?
— एक आई

उत्तर : ताई, पत्रात सगळ्यांत शहाणं वाक्य तुमच्या लेकीचं आहे. तिला दादाचं वावडं नाही, तिला धास्ती आहे ती याही वेळी आई आपल्या वाट्याला येणार नाही याची. दादाला न्या, असंच मी म्हणेन. पण दिरांनी ठरवलेला हा प्रवास आहे तसा नको. आणि एकही तिकीट निघायच्या आधी दादाला कोण केव्हा सांभाळणार याच्या पाळ्या लागल्या पाहिजेत. कागदावर, नावानिशी.

आधी जाऊबाई. राग आला ते बरोबरच आहे. पण त्यांच्या बोलण्यातून एवढं कळतं, की तुम्ही सतत अडकलेल्या असता हे घरात कुणाच्या तरी नजरेला आलंय. मग त्याचाच धागा धरा. "तो येणारच आहे, तर सकाळचे दोन तास तुमच्याकडे राहील का?" असं सरळ विचारा. टोमण्यासारखं नको, खरोखर विचारा. बऱ्याच घरांत लोक मदत करत नाहीत कारण काय करायचं ते त्यांना ठाऊक नसतं, आणि आईही "राहू दे, मी बघते" म्हणून मोकळी होते. दादा कशाला घाबरतो, लघवीला जायचं असलं की काय करतो, चिडला की त्याला धरायचं की सोडायचं, हे जाऊबाईंना कुणी सांगितलंय का? नसेल तर अर्ध्या पानावर लिहा आणि पुण्याला पाठवा.

पाळ्यांचा एवढा आग्रह का, तर एकत्र कुटुंबात "सगळे आहेत ना लक्ष ठेवायला" ही सगळ्यांत धोक्याची वेळ असते. प्रत्येकाला वाटतं तो दुसऱ्याजवळ आहे. ऑटिझम असलेल्या मुलांच्या अपघाती मृत्यूंत बुडणं हे मोठं कारण आहे, आणि त्यातली बरीच मुलं पाण्याच्या ओढीनेच गेलेली असतात. तुमचा दादा पाणीवेडा, आणि जहाजावर वर पोहण्याचा तलाव, खाली समुद्र. तलावाजवळ पोहणारा राखणदार असेलच असं धरून चालू नका. म्हणून प्रत्येक तासाला एकाच माणसाचं नाव हवं. सोपवताना तोंडाने म्हणायचं, "दादा तुमच्याकडे." समोरच्याने "घेतला" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. समुद्रात थोडं आत गेलं की मोबाइलची रेंज जाते, फोन करून "कुठे आहात?" विचारता येत नाही. त्यामुळे पाळी कुठे बदलायची ती जागाही ठरवून ठेवा.

मिस्टरांसाठी वेगळं. "काय व्हायचं ते होईल" असं ते म्हणतात, कारण जे होतं ते निस्तरायला तुम्ही असता. सोळा वर्षांच्या मुलाला तुम्ही बायकांच्या स्वच्छतागृहात नेऊ शकत नाही. त्याची आंघोळ, कपडे बदलणं, तलाव हे सगळं वडिलांचं आणि काकांचं. यात चर्चा नाही.

आता प्रवास. लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकून उभं राहतं. मग प्रवाशांना लहान बोटीत उतरवून किनाऱ्यावर नेतात. बोट हलते, जहाज हलतं, मधल्या फटीत पाणी दिसतं आणि मागून रांग ढकलत असते. दादाने तिथे मधेच पाय रोवला तर? गोव्याला तसं नाही. तिथे जहाज मुरगावच्या धक्क्याला लागतं आणि माणूस चालत उतरतो. पहिल्या खेपेला मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री, एवढंच पुरे. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही तेच सोसवेल, म्हणजे दिरांना कारण सांगताना फक्त दादाचं नाव पुढे करावं लागणार नाही. नाताळ मात्र टाळाच. तेव्हा जहाज खच्चून भरलेलं असतं आणि रात्रभर धांगडधिंगा. संक्रांत झाली की मधल्या वारी निघणारी फेरी बघा. थंडीत समुद्रही शांत असतो.

त्याच्याही आधी एक रंगीत तालीम. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट नेणारी रो-रो बोट २०२० पासून चालते, तासाभराचा प्रवास. लाखभर रुपये घालण्याआधी तिच्यावर दादाला बसवा. पीजेच्या डब्यात त्याला करमायचं म्हणजे इंजिनाची घरघर आणि डुलणं त्याला चालतं, ही मोठी जमेची बाजू. बाकीचं तिथे कळेल. डिझेलचा वास सोसतो का, भोंगा वाजला की काय करतो, कठड्याशी नुसता उभा राहतो की वर चढायला बघतो, लाइफ जॅकेट अंगावर ठेवतो की ओरबाडून काढतो. आणि परतीला बोटीत चढायला साफ नकार दिला, तर पेण-पनवेलवरून गाडीने परत यायचं. समुद्राच्या मध्यावर अशी सोय नसते. या फेरीला दिरांनाही बोलवा. त्यांनी एकदा स्वतः बघितलं की तुम्हाला निम्मं समजवावं लागणार नाही.

खोली घेताना बाल्कनीची घेऊ नका. एजंट तीच गळ्यात मारायला बघेल, कारण ती महाग. कठड्यावर चढू शकणारा मुलगा आणि रात्री थकून झोपलेली आई, एवढं डोळ्यांसमोर आणा. खिडकीची घ्या, ती उघडत नाही आणि पाणी मात्र दिसत राहतं. तुमच्या खिडकीवेड्याला अजून काय हवं? सगळ्यांत स्वस्त ती आतली खोली. दिवा घालवला की तिथे मिट्ट काळोख. काही मुलं त्यात गाढ झोपतात, काही बिथरतात. दादाचं तुम्हालाच ठाऊक. जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्याची खोली कमी डुलते. नाचाच्या हॉलच्या किंवा तलावाच्या बरोबर खालची मुळीच नको. या खोल्या लहान असतात. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीने २०२१ मध्ये मुंबईहून ज्या 'एम्प्रेस' जहाजावर सुरुवात केली, ते तर १९९० सालचं. चार जणांना एका खोलीत कोंबून दिरांचे पैसे वाचवू नका. दादा आणि वडील एका खोलीत, लेक आणि तुम्ही शेजारच्या. दाराला लावायचा, दार उघडलं की वाजणारा छोटा गजर मिळतो, तोही बॅगेत टाका.

एका गोष्टीची तयारी मात्र आजपासून धरा. जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या प्रत्येक प्रवाशाला आणीबाणीची कवायत करावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमच आहे तो, त्यातून सुटका नाही. तेव्हा धोक्याचा भोंगा वाजतो. सात लहान आणि एक लांब, कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या कानाशी लावाव्यात तसा. वरातीतून पळणारा मुलगा यावर काय करेल ते मला सांगायला नको. मोबाइलवर असा आवाज शोधा. बिबडे खाताना त्याला तो अगदी बारीक ऐकवा, चार-पाच दिवसांनी किंचित मोठा, मग आणखी थोडा. सोबत कान पूर्ण झाकणारे हेडफोन, तेही घरी वापरून रुळलेले हवेत. जहाजावर पहिल्यांदा काढले तर तो ते फेकून देईल. कंपनीला आधीच ईमेल करून विचारा, कवायतीच्या वेळी त्याला गर्दीच्या कडेला उभं राहू देतील का, भोंगा नेमका केव्हा वाजेल ते सांगतील का. याच ईमेलमध्ये चढताना रांगेशिवाय सोडण्याचं, जेवणाची लवकरची वेळ मिळण्याचं आणि कोरडा बांधीव खाऊ चालेल का, हेही विचारा. उत्तर लेखी घ्या. "मॅडम, सब हो जाएगा" हे फोनवरचं उत्तर धक्क्यावर उपयोगी पडत नाही. परदेशी रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांकडे ऑटिझमच्या मुलांना आधी चढवण्याची, त्यांच्यासाठी कमी आवाजात सिनेमा दाखवण्याची पद्धत आहे, तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

गोळ्या. धक्क्यावर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या खोलीत काही तासांनी पोचतात. फिटच्या गोळ्या त्या बॅगेत गेल्या आणि संध्याकाळचा डोस चुकला, तर सगळा प्रवास तिथेच संपला. गोळ्या, कपड्यांचा एक जोड, हेडफोन आणि खाऊ तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत. गोळ्या दुप्पट, दोन ठिकाणी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. समुद्र लागू नये म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणून देऊ नका, त्यांतल्या बऱ्याच गोळ्या गुंगी आणतात. फिटच्या औषधाबरोबर चालेल ती कोणती, ते त्याच्या डॉक्टरांनाच विचारा. फिट आली तर नाकात मारायचा स्प्रे जवळ ठेवू का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या आणि तो मारायला मिस्टरांनी शिकायचं. जहाजावर डॉक्टर असतो, पण ते इस्पितळ नव्हे.

पाचोरा ते सीएसएमटी हा प्रवास तुमच्या अंगवळणी असेल. पण रेल्वेची सवलत घेता का? बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या व्यक्तीला स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सूट असते, सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) सोबत असू द्या. त्याच पिशवीत कार्डाची प्रत ठेवा. स्टेशनवरून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाजाचा धक्का, टॅक्सीने जवळ आहे, पण गाडी उशिरा आली म्हणून धावत जहाज गाठायची वेळ आणू नका. आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. (जहाजाचं नाही, पण कागदांवरून आठवलं. दादा १८ चा झाला की आई-बाप म्हणून तुम्ही आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. दोन वर्षं आहेत, आताच चौकशी करून ठेवा.)

लेकीकडे वळते. तिला "दादाला समजून घे" हे एकदाही म्हणू नका, ती जन्मापासून तेच करतेय. तिला पाळ्यांचा कागद दाखवा आणि त्यात तुमचं नाव कुठे नाही ते तिलाच शोधू द्या. गोव्याच्या दिवशी तुम्ही दोघीच उतरा. दादा त्या वेळी जहाजावर राहिला तर उत्तमच. सगळे उतरलेले असतात, गच्ची रिकामी असते, त्याच्या दृष्टीने तोच सहलीतला सर्वांत भारी वेळ ठरेल. जहाज म्हणजे डान्स-शो, बुफे, फोटो हे आपल्या डोक्यात असतं. त्याने दोन दिवस खिडकीशी बसून गुणगुणण्यात घालवले तर त्याला बाहेर ओढू नका आणि "एवढे पैसे घालून हा खोलीतच" असं कुणी म्हणालं तर मिस्टरांनी उत्तर द्यायचं.

आणि रो-रोच्या फेरीत अगदीच जमलं नाही, तर? तर सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला तुम्ही आणि लेक जहाजाने जा, मिस्टर दादाला घेऊन घरी थांबतील. माहेरी ठेवायचं असलं तर आधी एक-दोन रात्री ठेवून बघा, आणि फिट आली तर काय करायचं हे माहीत असलेलं माणूस तिथे हवं. नुसती मायाळू आजी पुरत नाही.

दिरांना आजच फोन करून बुकिंग थांबवायला सांगा, आणि रद्द केलं तर किती पैसे कापतात तेही विचारा. मांडव्याची फेरी कशी झाली ते मला कळवा. जाऊबाईंना पहिली पाळी भल्या सकाळची द्या, तेव्हा तो झोपेतच असेल.