आयपी नंबर अपघातानंतर निघाला, तरी तुम्ही ईएसआयमध्येच

चाकणच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर काम करताना ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ठेकेदाराने खासगी दवाखान्यात नेलं, बिल भरलं, वर पन्नास हजार हातात ठेवले आणि स्टॅम्प पेपरवर सही घेतली. पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात मे महिन्यापासून होत होती, पण आयपी नंबर (विमाधारकाचा नोंदणी क्रमांक) निघाला तो अपघातानंतर सहा दिवसांनी. आता एक एजंट सांगतोय की त्या दिवशी नंबर नव्हता म्हणजे तुम्ही ईएसआयबाहेर. कंपनीकडून भरपाई, ईएसआयची पेन्शन आणि तहसीलमधून संजय गांधी निराधारचं अनुदान, तिन्ही मिळवून देतो.

ईएसआयबाहेर असाल तर ईएसआयची पेन्शन कशी, हे त्या एजंटला विचारलंत का? या धर्तीची पत्रं भोसरी, रांजणगाव, वाळूजहून सतत येतात आणि प्रत्येकात असा एक एजंट असतोच.

तुमचं सगळं प्रकरण कर्मचारी राज्य विमा कायदा, 1948 च्या कलम 53 वर उभं आहे. विमाधारक कामगाराला कामावर इजा झाली तर त्या इजेसाठी मालकाकडून कर्मचारी भरपाई कायद्याखाली किंवा दुसऱ्या कुठल्याही कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ए. त्रेहान प्रकरणात हे स्पष्ट केलं, आणि पुढच्याच वर्षी वेस्टर्न इंडिया प्लायवूड प्रकरणात नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याचा दरवाजाही बंद केला. तेव्हा कंपनी आणि ईएसआय दोन्हीकडून घेऊ, हा विचार सोडा.

राहिला नंबराचा मुद्दा. कायदा वर्गणी भरली होती का हे विचारत नाही, ती भरायला हवी होती का एवढंच पाहतो. कारखाना ईएसआयच्या कक्षेत असेल आणि तुमचा पगार महिना 21,000 च्या आत असेल, तर कामावर लागलात त्या दिवसापासून तुम्ही विमाधारक. भारगथ इंजिनिअरिंग प्रकरणात नोंदणी उशिरा झाली होती, तरीही कामगार विमाधारकच ठरला. ठेकेदाराने वर्गणी थकवली असेल तर ईएसआय महामंडळाने तुम्हाला लाभ द्यायचा आणि नंतर कलम 68 खाली मुख्य मालकाकडून, म्हणजे कंपनीकडून, वसूल करायचं. ती भांडणं त्यांची. मे महिन्यापासूनच्या पगार स्लिपा मात्र जिवापाड जपा. त्यातली कपातीची ओळ हाच तुमचा पुरावा आहे.

यात तुमचा तोटा होतो असंही नाही. एका हाताच्या तीन बोटांसाठी कायद्याच्या परिशिष्टात कमाईक्षमतेची 30 टक्के हानी धरली आहे. तुमचं वय 30 आणि सरासरी रोजची मजुरी 600 रुपये, असं तुम्ही लिहिता. त्यावरून ईएसआयचा हिशेब असा: 600 चे 90 टक्के 540, त्याचे 30 टक्के 162 रुपये रोज, म्हणजे महिन्याला साधारण 4,860. हे आयुष्यभर मिळतात, दुसरी नोकरी धरलीत तरी थांबत नाहीत, आणि वेळोवेळी वाढतात. भरपाई कायद्याने 15,000 च्या पगारमर्यादेवर एकरकमी 5,61,546 रुपये निघाले असते. साडेनऊ वर्षांत पेन्शन त्या रकमेची बरोबरी करते. तेवढ्या काळात लेबर कोर्टातलं अपिलासकट प्रकरण संपलं असतं, याची हमी मी देणार नाही.

आता उशिराचं. कलम 77 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे लाभाचा दावा तो देय झाल्यापासून बारा महिन्यांत करायचा असतो. तुम्ही एजंटच्या मागे फिरलात, शाखा कार्यालयात एक साधा अर्जसुद्धा दिला नाहीत. हात भाजला तरी माणूस डॉक्टरला विचारतो, इथे बोटं जाऊन तुम्ही ईएसआयच्या खिडकीवर गेला नाहीत! वाजवी कारण असेल तर कर्मचारी विमा न्यायालय मुदत वाढवू शकतं. नंबर उशिरा निघाला, अपघाताचा अहवाल मालकाने पाठवलाच नाही, ही कारणं मला वाजवी वाटतात. न्यायाधीशांना वाटतील का, ते आज सांगता येत नाही.

म्हणून शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अपघाताचा फॉर्म 12 मालकाने भरला होता का, ते विचारा. नसेल तर तो भरून घ्यावा अशी मागणी त्याच अर्जात करा. डिस्चार्ज कार्ड, स्लिपा, हजेरीचा पुरावा जोडा आणि मेडिकल बोर्डासमोर तपासणी मागा. नंबराच्या तारखेवरून त्यांनी नकार दिला तर तोही लेखीच घ्या. तो हातात असला की विमा न्यायालयात जाता येतं. शिवाय ईएसआय तुम्हाला विमाधारकच मानत नसेल, तर भरपाई कायद्याचा पर्यायी दावाही खुला राहतो. त्याची दोन वर्षांची मुदत ऑक्टोबर 2026 मध्ये संपते. या दोन्ही कायद्यांची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे, पण तुमचा अपघात त्याआधीचा, त्यामुळे माझ्या मते जुन्या कायद्यांवरच बोलायचं.

संजय गांधी निराधारसाठी दिव्यांगाच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा 50,000 आहे. ईएसआयची पेन्शनच वर्षाला 58,000 च्या वर जाते. त्यात 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि तो ईएसआयच्या टक्केवारीवरून मिळत नाही. सरकारी रुग्णालयाची तपासणी वेगळी. दाखला इतर सवलतींसाठी काढून ठेवा, अनुदानाची आशा धरू नका. ईपीएफओची (भविष्य निर्वाह निधीची) अपंगत्व पेन्शन पूर्ण व कायम अपंगत्वासाठी असते. तुम्ही त्याच कारखान्यात पॅकिंगला काम करता म्हणता, तेव्हा तीही अवघडच दिसते.

स्टॅम्प पेपरला घाबरू नका. ईएसआयचा हक्क ठेकेदाराला सही घेऊन विकत घेता येत नाही, आणि प्रकरण भरपाई कायद्यात गेलंच तर आयुक्तांकडे नोंदणी न झालेला असा करार कलम 17 आणि 28 पुढे टिकायला कठीण. त्याची प्रत तुमच्याकडे नाही असं लिहिलंय. सही करताना वाचलाही नसेल. प्रत मागून पाहा, आणि एजंटने कुठल्या वकालतनाम्यावर सही घेतली असेल तर तो आधी परत घ्या.