एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं जड जाणं) असलेल्या माझ्या आठ वर्षांच्या मुलाला लहान भावंडांत खेळू द्यावं का?

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी दोन-तीन वर्षांची चुलत भावंडं असतात आणि घरातले म्हणतात ‘याला त्यांच्यापासून लांब ठेव’, असं तुम्ही लिहिलंय. खेळू द्या. लांब ठेवलेलं पोर काय शिकतं ते मी पाहिलंय: आपल्याला कोणी जवळ करत नाही, एवढंच.

आमचं मूळ घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. तीन वर्षांपूर्वीची चवथ. मुलगा तेव्हा नऊचा, जाऊबाईंची मुलगी दीड वर्षाची. मी रांधपाकडे नेवऱ्या (करंज्या) तळत होते. बाहेर आरती रंगात आलेली, एवढ्याशा खोलीत घुमट, शामेळ ही वाद्यं, कांसाळें म्हणजे मोठ्या झांजा, आणि तीसेक माणसं. मध्येच पोरीची किंकाळी. धावत गेले तर तिच्या ओठातून रक्त, आणि माझा मुलगा माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, कानांवर हात दाबून ताठ उभा. जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुज्या भुरग्याक बांदून दवर!" (तुझ्या पोराला बांधून ठेव!) त्याने तिला आपटलं, हे दोन मिनिटांत ठरून गेलं. पाहिलं कोणीच नव्हतं, सगळे डोळे मिटून आरती म्हणत होते. आमचे हे माटोळीतल्या नारळांकडे बघत राहिले. सणासुदीला वाद नको म्हणे.

रात्री अंथरुणात तो हळूच बोलला. ती माटोळीतल्या लाल कवंडळाच्या फळाकडे बोट दाखवून मागत होती. याने तिला उचलून वर धरलं. नेमकं शेजारच्या काकांनी कानाशी कांसाळें वाजवलं आणि याचे हात आपोआप कानांवर गेले. हातात पोर आहे याचा विसर पडला. ती खाली आली ती पाटाच्या कडेवर.

दुसऱ्या दिवशी हे मी जाऊबाईंना सांगितलं. "आवय मगो, तू तशेंच म्हणटली" (आई ना तू, तू तसंच म्हणणार), म्हणाल्या आणि विषय बंद.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली एक ढोबळ हिशेब देतात: स्वतःवर ताबा ठेवण्यात ही मुलं वयाच्या सुमारे 30 टक्के मागे असतात. म्हणजे नऊचा मुलगा त्या बाबतीत सहाच्या आसपासचा. सहा वर्षांच्या पोराच्या हातात दीड वर्षाचं मूल देऊन तुम्ही आरतीत डोळे मिटाल का? त्या दिवशी आम्ही तेच केलं, आणि शिक्षा त्याला झाली. एक गंमत सांगते, वर्गातल्या पोरांशी त्याचं दहा मिनिटं जमत नाही, पण लहानग्यांशी तासभर जमतं. त्यांच्या खेळात नियम कमी असतात, आणि त्याचं बडबडणं त्यांना खुपत नाही.

आता आमच्याकडे एकच नियम आहे: उभ्याने कोणाला उचलायचं नाही, आधी खाली बसायचं, मग मांडीवर घ्यायचं. घरात शिरण्याआधी पायरीवर मी हे त्याच्याकडून वदवून घेते, तिथे चूक झाल्यावर ओरडून उपयोग नसतो. आरती सुरू झाली की त्याला अंगणात फुलं गोळा करायला पाठवते. देव रागावत नाही. नातेवाईक रागावतात, रागावू देत.

हे सगळं माझ्या मुलाचं. तो मारका नाही. तुमचा मुलगा चावत असेल, ढकलत असेल, तर मात्र कोणीतरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसायलाच हवं, आणि डॉक्टरांना हे वेगळं सांगायला हवं. औषधांबद्दल तुम्ही विचारलंय त्यावर मी बोलणार नाही, ते त्यांचं काम.

पुतणी आता साडेचारची आहे. ओठावरचा व्रण दिसतसुद्धा नाही. जाऊबाई दर चवथीनंतर आमच्याकडे नेवऱ्यांचा डबा पाठवतात, त्या दिवसाबद्दल मात्र अजून चकार शब्द नाही. मीही डबा रिकामाच परत पाठवते.