कडक शिस्त हवी, म्हणजे बाजारही मोकळा हवा?

प्रश्न : ‘कणखर नेता हवा’ म्हणणारे लोक खासगीकरणाच्या बाजूचे असतात, असं धरून मी एम.ए.च्या प्रकल्पाची प्रश्नावली करतोय. हे बरोबर आहे का? वृत्ती मोजायची कशी? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : हे गृहीतक आधी सोडून द्या. मॅकफार्लंड, अगेयेव आणि अबालाकिना या संशोधकांचा १९९२ चा अभ्यास पाहा. अमेरिकेत अधिकारशाही वृत्तीची, म्हणजे कडक शिस्त, आज्ञापालन आणि कणखर नेता हवा म्हणणारी माणसं समान वाटपाच्या विरोधात निघाली. सोव्हिएत काळाच्या अखेरीस रशियात मात्र तशाच वृत्तीची माणसं समान वाटपाला धरून होती. ही वृत्ती रुळलेल्या व्यवस्थेला चिकटते, आणि व्यवस्था कोणती ते देशागणिक बदलतं.

नेत्याबद्दल थेट विचारू नका. उत्तर वृत्तीचं न येता सध्याच्या सत्ताधाऱ्याबद्दलचं येतं. ही वृत्ती मोजायला अमेरिकी निवडणूक अभ्यासात १९९२ पासून मुलांमध्ये कोणता गुण हवा, असं विचारतात. जोड्या चार : स्वतंत्र बाणा की मोठ्यांचा मान, कुतूहल की रीतभात, स्वावलंबन की आज्ञापालन, दुसऱ्याची कदर की नीट वागणं. दुसऱ्या पर्यायाला १ गुण, ‘दोन्ही’ला अर्धा, बेरजेला चारानं भागा. आधी तीसेक जणांवर चाचणी घ्या. ‘मोठ्यांचा मान’ आपल्या घरांत जवळपास सगळेच निवडतील अशी शक्यता आहे. तसं झालं तर ती जोडी काहीच मोजत नाही, शब्द बदला.

राजकारणात किती रस आहे, हेही विचाराच. अमेरिकेत अधिकारशाही वृत्तीचा, पण राजकारणात रस असलेला माणूस आपल्या उजव्या पक्षाची मोकळ्या बाजाराची अर्थनीती उचलतो. त्याच वृत्तीच्या, पण रस नसलेल्याची सुरक्षिततेची ओढ त्याला सरकारी आधाराकडे नेते. दोघांना एकत्र मोजलंत तर उलटे कल एकमेकांना खातात आणि सहसंबंध शून्याजवळ, म्हणजे वृत्तीचं अर्थनीतीशी नातंच नसल्यासारखा दिसतो. इथेच बरेच प्रकल्प फसतात. व्यवसायाचा रकानाही हवा : हमीभाव मागणारा शेतकरी वृत्तीमुळे मागतो की पोटासाठी, ते एरवी कळणार नाही.

प्रश्न : ॲडॉर्नो आणि सहकाऱ्यांची १९५० ची ‘एफ-मोजपट्टी’ (अधिकारशाही वृत्ती मोजणारी विधानांची यादी; ‘एफ’ म्हणजे फॅसिझम) मराठीत आणून वापरली तर चालेल?

उत्तर : नको. तिची सगळी विधानं एकाच दिशेची आहेत, म्हणजे ‘हो’ म्हटलं की गुण वाढतोच. समोरच्याला बरं वाटावं म्हणून ‘हो’ला ‘हो’ करणारा माणूसही त्यात अधिकारशाही वृत्तीचा ठरतो. आर्थिक प्रश्नांतही हीच चूक होते. निम्मी विधानं उलटी ठेवा : ‘एसटीचं खासगीकरण व्हावं’ असेल, तर पुढे ‘हमीभाव कायद्यानं बंधनकारक करावा’ घ्या. दोन्हींना ठाम ‘हो’ म्हणणारे फार निघाले, तर मुलाखतीची पद्धत तपासा.