वाचकांचे प्रश्न : खडपावरून बोया लावून गरवताना

गेल्या अंकात समुद्रकाठच्या गळ-मासेमारीसंबंधी प्रश्न मागविले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच खडपावरून, म्हणजे समुद्रात शिरलेल्या कातळावरून, बोया (दोरीवरचा तरंगता गोळा) लावून गरवणाऱ्यांची, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांची, होती. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या खडपावर मी भरती लागताच बोया टाकतो. पहिल्या तासाभरात गळ चांगला ओढला जातो. पुढे पाणी चढतच राहते, आमिष तेच, जागाही तीच, पण बोया जागचा हलत नाही. भरतीबरोबर मासा येतो असे सगळे सांगतात. मग माझ्या बाबतीत उलटे का होते? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : मासा गेलेला नसतो, आपले आमिष त्याच्यापासून दूर गेलेले असते. बोयाला बांधलेली गरी (गळाचा आकडा) पाण्याच्या पृष्ठभागापासून ठरावीक खोलीवर राहते, तळापासून नव्हे. भरती लागताना आपण आमिष तळाच्या वीतभर वर राहील असे बेतले असेल, तर पाणी जितके चढेल तितके ते तळापासून वर उचलले जाते, आणि तांबोशी किंवा गोबरा यांसारखा कपारीच्या तोंडाशी राहणारा मासा सहसा त्याच्यामागे उठून येत नाही.

हे किती झपाट्याने घडते ते आकड्यांत पाहावे. भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील फरकाचे बारा भाग केले, तर सहा तासांच्या भरतीत पाणी साधारणपणे पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला व चौथ्याला प्रत्येकी तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक भाग चढते. फरक २.४ मीटर धरला, तर पहिल्या तासात पाणी २० सेंटीमीटरच चढते. तेवढ्याने काही बिघडत नाही आणि म्हणूनच आपला पहिला तास चांगला जातो. दुसऱ्या तासात ४० आणि तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी ६० सेंटीमीटर म्हटल्यावर, चौथा तास संपेपर्यंत आमिष मूळ बेतापेक्षा १८० सेंटीमीटर वर, म्हणजे जवळजवळ पुरुषभर उंचीवर लोंबकळत असते. आपल्याला बोया दिसतो, तो डौलात उभाही असतो, त्यामुळे खाली काय बिघडले आहे याची शंकाही येत नाही.

यावरचा इलाज म्हणजे भरतीच्या मधल्या दोन तासांत दर अर्ध्या तासाला स्टॉपरची गाठ, म्हणजे गरी किती खोल जावी हे ठरवणारी दोरीवरची गाठ, फूटभर वर सरकवणे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे फरक लहान असतो तेव्हा, हा हिशेब वीतभराच्याही आत येतो. उलट मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणात फरक चार मीटरांच्या पुढे जात असल्याने तेथे फूटभर सरकवून भागत नाही. ओहोटीला हेच सारे उलट घडते: आमिष आपोआप खाली जाऊन तळाला टेकते आणि गरी कपारीत अडकते. सुकतीला (ओहोटीला) गऱ्या जास्त तुटतात अशी तक्रार करणाऱ्यांनी पाण्याला दोष देण्याआधी गाठ खाली घेऊन पाहावी.

दुसरे एक कारणही लक्षात घ्यावे. भरतीबरोबर मासा येतो हे म्हणणे खरेच आहे, पण तो काठाकडे येतो. नुकत्याच बुडालेल्या पायऱ्यांवर, कालवांच्या थरावर खेकडे आणि लहान कोळंबी मिळते, ती टिपायला तांबोशी आपल्या पायांपासून दोन-तीन काठ्यांच्या अंतरापर्यंत येते. आपण मात्र तीच जागा धरून बाहेर टाकत राहता. पाणी पायऱ्यांवर चढले की गाठ खाली घेऊन बोया जवळ टाकून पाहावा. खडपावर लांब फेकण्याची हौस बहुधा वाया जाते.

प्रश्न : शिसे लावून तळाला गरी टाकली की दर दोन-तीन फेकींना तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तुटतो. म्हणून बोया घेतला, पण दुकानात इतके प्रकार आहेत की गोंधळ होतो. शिवाय पाण्याची खोली काठीच्या लांबीपेक्षा जास्त असेल तर बोया टाकायचा कसा? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : खोली जास्त असेल तेथे बांधलेला बोया निरुपयोगी ठरतो, सरकता बोयाच हवा. मुख्य तंगुसावर वरून खाली क्रम असा असतो: स्टॉपरची गाठ, बारीक मणी, बोया, शिसे, स्विव्हल (फिरती कडी), आणि त्याच्याखाली हातभर लांबीचा लीडर (गरीकडचा वेगळा तुकडा) व गरी. गाठीसाठी वेगळा दोरा घ्यावा, तो तंगुसाभोवती पाच-सहा वेढे देऊन पाण्याने ओला करावा आणि मगच आवळावा. ही गाठ काठीच्या कड्यांतून सुटून रिळावर गुंडाळली गेली पाहिजे, म्हणून तिची टोके अगदी बुडातून न कापता बोटभर ठेवावीत. आखूड कापलेली टोके ताठ राहून कड्यांत अडकतात. फेकताना बोया खाली शिशापाशी असतो. पाण्यात पडल्यावर शिसे तंगूस खाली ओढत नेते, गाठ मण्याला येऊन टेकते आणि तेव्हा बोया उभा राहतो.

खोली मोजायची रीतही यातच आहे. बोया आडवा पडून राहिला, तर शिसे तळाला टेकले आहे असे समजून गाठ खाली घ्यावी. उभा राहिला, तर शिसे अधांतरी आहे. गाठ थोडी थोडी वर नेत तो पुन्हा आडवा पडेपर्यंत पाहावे आणि तेथून लीडरच्या लांबीपेक्षा वीतभर जास्त मागे यावे. हे एकाच जागी करून थांबू नये. खडपाचा तळ सपाट नसतो, चार हात डावीकडे पुरुषभर खोल घळ असू शकते आणि मासा बहुधा त्या घळीच्याच कडेला असतो.

बोयाच्या आकाराविषयी माझे मत स्पष्ट आहे: बहुतेकजण गरजेपेक्षा मोठा बोया लावतात आणि त्याला गरजेपेक्षा कमी शिसे देतात. असा बोया पाण्यावर उंच तरंगतो, वाऱ्याने वाहत जातो आणि मासा आमिष ओढू लागला की त्याला वरचा अडथळा जाणवून तो ते सोडून देतो. बोयावर १५ ग्रॅम लिहिले असेल, तर खाली जवळजवळ तेवढेच वजन देऊन फक्त शेंडा वर राहील असे करावे. लाटा असतील तेव्हा बोटभर जास्त दिसू द्यावा. शेंड्याचा रंग माशासाठी नसून आपल्या डोळ्यांसाठी असतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने संध्याकाळी सूर्य थेट समोर येतो, आणि त्या चकाकीत केशरी शेंड्यापेक्षा काळा शेंडा स्पष्ट दिसतो.

लीडर मुख्य तंगुसापेक्षा कमी ताकदीचा ठेवावा, म्हणजे गरी अडकली तरी तेवढाच भाग तुटतो, बोया आणि शिसे हाती परत येते. कालवांच्या धारेवर घासलेला तंगूस डोळ्यांना धड दिसतो. नखांच्या चिमटीतून ओढल्यावर खरखर लागली, तर तेवढा तुकडा कापून टाकावा.

प्रश्न : भरतीची वेळ मोबाईलशिवाय काढता येते का, आणि खडपावर जायला दिवसाचा कोणता प्रहर चांगला? (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : जुना ठोकताळा असा की तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. हे गणित मुंबई-रायगडकडे बऱ्यापैकी जुळते. जसजसे दक्षिणेकडे जावे तसतशी भरती आधी लागते. गरवायच्या बेतासाठी एवढे पुरते. मात्र ज्या खडपावरून परतण्याची वाट भरतीत बुडते, तेथे यावर विसंबू नये, छापील किंवा मोबाईलवरील भरती-ओहोटीचे तक्तेच पाहावेत. आपल्या तालुक्यातील हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग भरतीला पाण्याखाली जातो हे आपल्याला ठाऊकच असेल.

प्रहराविषयी म्हणाल, तर हिवाळ्यात सकाळी मतलई वारे जमिनीकडून वाहतात, तेव्हा पाणी काठाशी शांत असते आणि बोया आपोआप बाहेर सरकत जातो. दुपारी खारे वारे सुटले की तोच बोया परत खडपाकडे ढकलला जातो व तंगुसाला पोट पडते. मासा लागल्यावर आधी ती ढील गोळा करावी लागते आणि तोवर तो निसटतो. काठीचे टोक खाली धरून तंगूस पाण्यात बुडवून ठेवला, तर वाऱ्याचा जोर कमी लागतो.

लाटांबद्दल एक गोष्ट विचारली नसली तरी लिहितो. वारा नसतानाही दूरच्या वादळाने उठलेल्या लांब लाटा येथवर पोहोचतात आणि मोठ्या लाटा थव्याने, मध्ये बराच वेळ शांत जाऊन येतात. म्हणून खाली उतरण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे वरूनच पाहावे. कातळ जेथपर्यंत ओला व काळा दिसतो, तेथपर्यंत लाट येऊन गेलेली असते. त्या रेषेच्या वर उभे राहावे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, तो इशारा असेल त्या दिवशी घरीच थांबावे. जीवरक्षक जाकीट घालावे आणि एकट्याने जाऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे केंड (अंग फुगवणारा मासा) फार. लीडर कातरून गरी घेऊन जातो. त्याला टाळावे कसे, आणि तो खाता येतो का? तसेच पावसाळी बंदीत काठावरून गरवले तर चालते का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : केंड खाऊ नये. त्याच्या यकृतात व अंडाशयात विशेषतः तीव्र विष असते, ते शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. लीडर स्वच्छ कातरलेला दिसला की जागा बदलावी. पोलादी तार लावल्यास केंड अडेल, पण तांबोशीही दूर राहील. कोळंबीऐवजी चिवट आमिष, जसे माकुलाची (स्क्विडची) पट्टी, गरीवर जास्त टिकते. शिंगाळा लागला तर मात्र त्याला हाताने धरू नये. पाठीवरचा व दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. काटा लागल्यास ती जागा सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते, आणि काटा आत मोडला असेल तर डॉक्टरांकडे जावे.

१ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, काठावरच्या गळाला ती लागू नाही. पण त्या दोन महिन्यांत समुद्राकडच्या खडपावर उतरणे हा वेडेपणा आहे. खाडीच्या आतल्या काठावर गरवावे. आपल्या दक्षिणेला मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले असून सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर त्याच्या गाभा क्षेत्रात येतो. तिकडे जाणार असाल, तर कोठे गरवण्यास मनाई आहे ते वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.