रिफ पुरे, गाणं वाजव

अगं मुली,

मेसेज वाचला, क्लिपही ऐकली. क्लिपमध्ये पाच गाण्यांच्या सुरुवाती आहेत, शेवट एकाचाही नाही. आणि खाली विचारतेस, "काका, बास गिटार विकून साधी गिटार घेऊ का? बँडमधले म्हणतात, तू ऐकूच येत नाहीस."

विकू नकोस. वाद्याचा यात काही दोष नाही. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत तुला एकही गाणं वाजवता येत नाही, दुखणं तिथे आहे. रिफ, म्हणजे गाण्यातला तो छोटा लक्षात राहणारा तुकडा, हे पानातलं लोणचं. तू व्हिडिओ बघून बरण्या भरत बसलीयस आणि भाताचा पत्ता नाही.

एक गाणं घे आणि पूर्ण वाजव. बेन ई. किंगचं १९६१ चं 'स्टँड बाय मी' घे. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती ओळ उभ्या डबल बासवर आहे, पण आपल्या चार तारांवर छान बसते. चार मात्रांचा एक बार धर. ए मेजरमध्ये कॉर्ड असे: दोन बार ए, दोन बार एफ शार्प मायनर, एक डी, एक ई, परत दोन ए. झाले आठ. गाणं संपेपर्यंत हेच आठ बार फिरत राहतात. ती प्रसिद्ध ओळ तूर्त बाजूला ठेव. प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर नुसता रूट, म्हणजे त्या कॉर्डचा मूळ स्वर, वाजव आणि चारही मात्रा धरून ठेव. कंटाळा येईल. येऊ दे. कंटाळा आला की लक्ष उडतं, आणि दुसऱ्या कडव्यात तू हटकून चुकशील. तिथे थांबायचं नाही! थांबून 'परत घेते' म्हणायची सवय घरी लागते आणि स्टेजवर नडते. ड्रमर तुझ्यासाठी थांबणार आहे का? पुढच्या बारचा पहिला ठोका पकड आणि गाणं पूर्ण कर.

दुसरं, स्वर बंद कसा करतेस तिकडे बघ. ई या सगळ्यांत जाड तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या घरातून, बोट झटकन उचलतेस, मग मोकळी ई घूं करत राहते आणि पुढचा डी त्यात गढूळ होतो. बोट उचलू नकोस, नुसतं सैल कर, तारेला टेकलेलं राहू दे. उजवा अंगठा पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या पट्टीवर, चिकटवून बसतेस. ए तारेवर गेलीस की तो ई तारेवर टेकव, म्हणजे ती गप्प राहील. 'ऐकू येत नाही' याचं निम्मं कारण हा गढूळपणा. उरलेलं निम्मं म्हणजे तुम्ही सगळे प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग मोबाइलवर ऐकता. मोकळ्या ईची कंपनं सेकंदाला साधारण ४१. तेवढ्याशा स्पीकरला ती झेपतच नाहीत. चांगले हेडफोन लाव आणि मग बोल.

जेम्स जेमरसन ऐक. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवाला, उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवायचा. तिथल्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती. १९७१ साली कुठे ती छापून आली. आपल्याकडे पंचमच्या गाण्यांत टोनी वाझ बास वाजवायचे, किती जणांना ठाऊक आहे? म्हणून गाणी अडली का?

आमच्या ऑर्केस्ट्रात मालकाने एक दिवस बास की-बोर्डवाल्याच्या डाव्या हातावर टाकला. एका माणसाचं मानधन वाचलं. कोणी म्हणालं, तू थोडा स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवणं, दाखवला असतास, पुढे येऊन नाचला असतास, तर टिकला असतास. मला स्लॅप येत नव्हता असं नाही. त्या गाण्यांत त्याला जागा नव्हती. गायिकेला कधी मागे वळून माझ्याकडे बघावं लागलं नाही, अंतऱ्यावर ती डोळे मिटून यायची. तेवढं मला पुरायचं. अजूनही मी बरोबर होतो असंच म्हणेन, घरात कोणाला पटो न पटो. हां, नोटेशन वाचायला शिकायचं राहिलं आणि स्टुडिओची कामं हातची गेली, ही रुखरुख आहे. तू शीक. पण आधी ते गाणं पूर्ण कर.

बोटं दुखतील, फोड येतील, तारांची लांबी चौतीस इंचांची आहे, करंगळी पुरायची नाही. पहिल्या चार फ्रेटांत अनामिका आणि करंगळी एकत्र दाब, जोर येईल. पाच तारांचा बास घेण्याचा विचार डोक्यात असेल तर काढून टाक. चार पुष्कळ झाल्या.

येत्या रविवारी मला एकच रेकॉर्डिंग पाठव. एक गाणं, एका दमात, चुका असतील तशा. मूळ गाणं मागे ऐकू येऊ दे, नाहीतर तू ठोक्यावर आहेस की नाही हे मला कसं कळणार? आणि परत नुसती सुरुवात पाठवलीस तर मी उघडणारसुद्धा नाही.

तुझा,
काका