स्टारड्यू व्हॅली खेळून मुलांना शेती कळते का?

शेती कळत नाही, पण हंगामाचा हिशेब छान कळतो. घरी शेती आहे आणि हा शेतीचा व्हिडिओ गेमही बराच खेळलोय, त्यावरून सांगतो. गेममधला प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. पार्सनिप ४ दिवसांत तयार होतं. बी गेममधल्या २० नाण्यांना मिळतं, साध्या प्रतीचं पीक ३५ ला विकलं जातं. फुलकोबीला १२ दिवस लागतात, त्यामुळे वसंतात १८ तारखेला लावली तर हाती काहीच येत नाही, ऋतू पालटला की ती मरते. पोरं हे गणित आपसूक मांडायला लागतात. केलेल्या कष्टाचं फळ हमखास मिळतं, खरी गोडी त्यातच आहे.

खऱ्या शेतीशी फारकत होते तीही इथेच. पाणी द्यायचं राहिलं तर रोप वाळत नाही, वाढ तेवढी थांबते. कीड नाही, मजुरांची टंचाई नाही. गेममधल्या पिएर नावाच्या दुकानदाराकडे कितीही माल न्या, भाव पडत नाही! आवक वाढली की कांद्याचं काय होतं, हे मुलांना वेगळं सांगावंच लागेल.

एक मात्र बघा: गेममध्ये दारूचा गुत्ता आहे, पुढे जुगाराची मशिनंही येतात. मूल दहाच्या आतलं असेल तर आधी स्वतः खेळून पाहा.